फुटली तर कुठल्या बाजूनं?

आमच्या आबांची बंदूक दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात मुक्कामाला जाते. आबा म्हणजे माझे थोरले मामा. राधानगरी तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला त्यांची शेती आहे; थोडा ऊस, बाकी भात आणि नाचणी. बंदूक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातनं दारू ठासून भरायची; परवाना पीकसंरक्षणाचा. आचारसंहिता लागली की ठाण्यातून निरोप येतो. मग आबा ती गोणपाटात गुंडाळतात, नातवाच्या मोटरसायकलवर मागं बसून जातात आणि जमा केल्याची पावती पाकिटात घालून येतात. निकाल लागून लोकांचा गुलाल धुऊन झाला की पावती दाखवून परत आणायची. "माझं नाव एकदा मतदार यादीतनं गळालं हुतं, हिचं कधी गळालं न्हाई," असं ते म्हणतात.

दिवाळीत माझा टेक्सासचा पुतण्या आला होता. त्याला शेत दाखवायला नेलं आणि चहा उकळेपर्यंत सोप्यात बंदुकीवरूनच जुंपली. ग्रीन कार्ड मिळाल्यावर त्यानं तिकडं पिस्तूल घेतलंय. दुकानात गेला, ओळखपत्र दाखवलं, फॉर्म भरला, दुकानदारानं नाव तपासून घेतलं आणि डबा हातात दिला. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या माणसाला कमरेला पिस्तूल लावून फिरायला वेगळा परवानाही लागत नाही. कायद्यानं बंदूक बाळगायला मनाई नसली म्हणजे झालं. हे सगळं त्यानं आबांना समजावून सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आरं, पण तुला कशाला लागतंय ते?"

"सगळ्यांकडंच आहे आबा. मग आपल्याकडं नको?"

"मग आधी सगळ्यांचं जमा करून घ्या म्हणावं. मग तुझं बी घेतील."

पुतण्याचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नव्हता. तो म्हणाला, "काका, इथला कायदा आबांनाच भेटतो. विनापरवाना गावठी कट्टा बाळगणाऱ्याला तो माहीतसुद्धा नाही. ज्यानं ऐंशीच्या घरात आल्यावरही पावत्या जपून ठेवायच्या, त्याच्यावर संशय. आणि ज्याच्याकडं पावतीच नाही, तो मोकळा." मी त्याचा काका, शिवाय कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझी लेथची, म्हणजे लोखंड कातायची, शेड, त्यामुळं माझ्याकडं उत्तर असणारच असं त्याला वाटत होतं. त्या क्षणी तरी नव्हतं.

इतिहासही बराचसा त्याच्याच बाजूनं बोलतो, आणि तो आमच्याच भागातला. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ व्या नेटिव्ह इन्फंट्रीनं उठाव केला. त्याच साली मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी हत्यारं जमा करायला नकार दिला, तेव्हा इंग्रजी फौजेनं गाव पेटवून दिलं. पुढं १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या अमदानीत शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनाला सूट. १९१८ मध्ये सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात खुद्द गांधीजींनी इंग्रजांच्या सगळ्या दुष्कृत्यांत या कायद्याला सर्वांत काळं ठरवलं होतं. १९३१ च्या कराची काँग्रेसनं मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. नियमांच्या अधीन राहून, पण घातला. तेव्हा हा हक्क मागणारे सगळे अमेरिकन सिनेमे बघून बिघडलेले असतात, असं म्हणता येत नाही.

मग तो राज्यघटनेत का आला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. हक्क म्हणून लिहिलं की तो सरसकट सगळ्यांचा होतो, मग गुन्हेगाराला कोणत्या तोंडानं अडवणार, असा त्यांचा रोख होता. शस्त्र कुणाकडं असावं हे ठरवणं राज्याच्या हातात राहिलं पाहिजे, हे त्यांनी धरून ठेवलं. एकोणिसाव्या कलमात एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य मिळालं ते शांततेनं आणि विनाशस्त्र. अमेरिकेची दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची. तिथं हक्क आधी आला आणि नियम त्याच्या मागनं धावत सुटले. इथं १९५९ चा शस्त्र कायदा म्हणतो, आधी विचार, मग घे. ज्या परवान्याच्या जाचाविरुद्ध लढलो तोच परवाना आपण ठेवून घेतला. पुतण्याला हे पटलं नाही. मला पटतं, पण ते काही मी घटना समितीच्या चर्चा वाचल्या म्हणून नव्हे.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराला आम्ही मंगळवार पेठेतली पोरं नववी-दहावीत होतो. शाळा सुटली की उद्यमनगर. वडिलांची शेड तिथंच होती. गॅस वेल्डिंगवाले तेव्हा कार्बाइडच्या खड्यांवर आपला गॅस आपणच तयार करायचे. वापरून झालेला पांढरा राडा शेडच्या मागं टाकलेला असायचा आणि त्यात अधूनमधून एखादा न विरघळलेला खडा सापडायचा. दिसायला फुफाट्यातला करडा दगड. पाणी लागलं की फसफसायचा आणि लसणीचा कडक वास सुटायचा. तो वास माझ्या नाकात इतका बसलाय की फोडणीतली लसूण जरा करपली तरी मी उंबऱ्यावर थबकतो.

त्यातनं तोफ कशी करतात ते सांगत बसत नाही. ज्याला हवं त्याला मोबाइल सांगतोच, आणि तोच घोळ आहे. आमच्या वेळी हे ज्ञान वरच्या वर्गातल्या पोरांकडून अर्धवट यायचं. अर्ध्या वेळा काही होतच नसे. झालं तर गल्लीतली कुत्री उठून पळत आणि एखादी म्हातारी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. तेवढ्यावर आम्ही खूष.

एकदा बार निघालाच नाही. दिल्या वाकून आत बघायला गेला. अशा वेळी वाकून बघतोच माणूस, त्याला काही इलाज नाही. भुवया गेल्या, पुढचे केस तांबूस होऊन वळले, पण खरी गंमत नंतर सुरू झाली. आतला राडा डोळ्यात उडाला होता. कार्बाइडचा गॅस निघून गेल्यावर मागं उरतो तो भिजलेला चुना, आणि चुना डोळ्यात गेला की वरचा पडदा भाजत आतआत शिरतो. हे आम्हाला ठाऊक नव्हतं. दिल्याच्या आजीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण चुना ठाऊक होता. जन्मभर पान खाल्लेलं. तिनं त्याची मानगूट धरून डोकं नळाखाली घातलं आणि तो किंचाळत असताना बोटांनी पापण्या ताणून धरून घागरीच्या घागरी पाणी सोडलं. मध्येच कुणीतरी तूप लावा म्हणालं, तर त्याच्यावर खेकसली. डॉक्टर नंतर म्हणाले की त्या पाण्यानंच डोळा वाचला. दिल्याला आता चष्मा आहे, पण तो पन्नाशीचा.

२०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशातनं बातम्या येऊ लागल्या, तेव्हा मी पेपर घेऊन बराच वेळ बसलो. प्लास्टिकच्या पाइपाची कार्बाइड गन रस्त्यावर खेळणं म्हणून विकली गेली आणि भोपाळपासून विदिशापर्यंतच्या दवाखान्यांत पोरांची रांग लागली. कित्येकांचे डोळे कायमचे अधू झाले. बार निघाला नाही म्हणून वाकून बघितलं, अशाच हकिकती. पोरं आमच्यापेक्षा खुळी नव्हती. आम्हाला भंगारात खडा हुडकायला लागायचा, डबा जुळवायला लागायचा, आणि तेवढ्यात कुणी ना कुणी मोठं माणूस हटकायचं. त्यांना शे-दोनशे रुपयांत तयार वस्तू मिळाली. मधला सगळा खटाटोपच कुणीतरी काढून घेतला होता.

हटकणाऱ्या माणसांत एक आमचे मिस्त्री होते. त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. वडिलांच्या शेडमधले टर्नर, एका कानाला कमी ऐकू यायचं, बोलणं जेवढ्यास तेवढं. कार्बाइडचा कंटाळा आल्यावर आमची नजर लोखंडी पाइपाकडं वळली होती. आता खरी तोफ करायची, तीही पन्हाळ्यावर असते तशी. मी आणि बंड्यानं पाइपाचा तुकडा लांबवला, एक तोंड बंद करायला मिस्त्रींच्याच मशीनवर ठेवला, तेवढ्यात ते जेवून आले. ओरडले नाहीत. तुकडा हातात घेऊन उजेडाकडं केला, अंगठा आतनं लांबीला फिरवला आणि मला म्हणाले, "हात लाव. काय लागतंय?" आत एक बारीक उंचवटा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाइप पत्रा वळवून जोडलेला होता. ती त्याची शिवण.

"फुटली तर कुठल्या बाजूनं फुटंल?"

मी म्हणालो, शिवणीच्या.

"आन् शिवण तुझ्याकडं आसंल का बंड्याकडं?"

याला उत्तर नव्हतं. त्यांनी तुकडा भंगाराच्या पिंपात टाकला आणि लेथ चालू केला. वडिलांना सांगितलं की नाही मला आजतागायत कळलेलं नाही. पिंपाला कुलूप मात्र दुसऱ्या दिवशी आलं.

एवढी वर्षं लेथवर काढल्यावर सांगतो, लोखंडाला आकार देणं अवघड नाही. आमच्या भागात ऑइल इंजिनापासून साखर कारखान्यांच्या सुट्या भागांपर्यंत सगळं झालं. फौंड्रीत ओतायचं, शेडमध्ये कातायचं. असल्या गावात गावठी हत्यार बनवणं कसबाच्या बाहेरचं नाही, हे पोलिसांनाही ठाऊक आहे. शेजारच्या एका शेडवाल्याकडं मागं एकजण ड्रॉइंग घेऊन आला होता. कागदावर कंपनीचं नाव नाही, पार्ट नंबर नाही, नग थोडेच आणि पैसे रोख, वर घाई. शेडवाल्यानं चहा पाजला, मशीन बिघडलंय म्हणाला आणि वाटेला लावला. "जॉब कुठं बसणाराय ते सांगत न्हाई त्याचा जॉब घ्यायचा न्हाई," हा आमच्याकडचा साधा रिवाज आहे. आर्म्स ॲक्टमध्ये विनापरवाना हत्यार बनवण्याला जबर शिक्षा आहे, पण त्या दिवशी कायद्याचं काम एका चहानं केलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या उद्यमनगरात लेथला हार घालतात, व्हर्नियर आणि पान्यांना हळदकुंकू वाहतात. माझ्या शेडमधलं शस्त्र म्हणाल तर तेवढंच.

पुतण्याचा खरा हुकमी पत्ता मात्र कट्ट्याचा होता. तो त्यानं टाकला तेव्हा आबाही गप्प झाले. १६ फेब्रुवारी २०१५. कॉम्रेड गोविंद पानसरे ८१ वर्षांचे. सकाळी फिरून पत्नी उमाताईंबरोबर घराकडं परतत असताना मोटरसायकलवरून आलेल्यांनी दोघांवर गोळ्या झाडल्या. २० तारखेला मुंबईत ते गेले. त्याआधी २०१३ मध्ये पुण्यात डॉ. दाभोलकर, तेही सकाळी फिरायला निघालेले. शस्त्र कायदा जागच्या जागी होता. कुणाला अडवलं त्यानं?

अडवलं नाही हे खरंच आहे. पण पानसरेअण्णांच्या खिशात पिस्तूल असतं तर काय झालं असतं, हे मी बऱ्याचदा मनात करून बघितलंय. मारायला येणारा वेळ ठरवून येतो, गल्ली बघून ठेवतो, हात तयार ठेवतो. फिरायला निघालेला माणूस गप्पा मारत चाललेला असतो. खिशातलं पिस्तूल त्याच्या उपयोगी पडायला आधी त्याला मारेकऱ्यासारखं जगावं लागेल. प्रत्येक मोटरसायकलकडं वळून बघत, हात खिशात ठेवून. ज्या माणसानं आयुष्यभर सभेत, मोर्चात, कोर्टात समोरासमोर वाद घातला, त्यानं तसं जगावं, ही सूचना मला मान्य करता येत नाही. कट्टे शोधणं, कुठनं येतात त्याचा माग काढणं हे पोलिसांचं काम आहे. त्यात ते कमी पडतात तिथं त्यांना धारेवर धरावं. त्यांची कसूर आबांना पिस्तूल देऊन भरून निघत नाही.

आणि बंदूक नेहमी दुसऱ्यावरच रोखली जाते, हाही एक भ्रम आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीनं ४८ हजारांवर माणसं मेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त, २६ हजारांवर, आत्महत्या होत्या. पुतण्याला हा आकडा नवा होता. आपल्याकडं शेतकऱ्याच्या घरात त्या काळ्या घटकेला हाताशी कीटकनाशकाची बाटली असते. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तिथला आत्महत्यांचा दर दोन-तृतीयांशाहून अधिक खाली आला. माणसांची दुःखं काही तेवढी कमी झाली नसणार. त्या घटकेला हाताशी काय आहे, एवढंच बदललं. घटका टळली की बहुतेक माणूस परत जेवायला बसतो. बंदूक ती घटका टळू देत नाही.

पुतण्या म्हणाला, "म्हणजे तुम्हाला परवान्याची दिरंगाईच आवडते?" होय, मला ती आवडते, आबांचे हेलपाटे सोडून. अर्ज करा, पोलीस चौकशी होऊ द्या, बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात चपला झिजवा. रागाच्या भरात निघालेल्या माणसाला एवढा वेळ परवडत नाही. बाकी कायद्यात खुळेपणा नाही असं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवल्या आणि हर्षाच्या भरात हवेत गोळी झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद लावली, ते बरं झालं. पण आमच्याकडं भाईच्या वाढदिवसाला पोरं तलवारीनं केक कापतात, व्हिडिओ टाकतात आणि आर्म्स ॲक्टखाली आत जातात. क्रीम लागलेली तलवार मुद्देमाल म्हणून सील करताना हवालदाराच्या मनात काय येत असेल!

या सगळ्या वादात आबांची नात कोपऱ्यात बसून ऐकत होती. नववीतली पोर, शहरात आत्याकडं राहून रेंजवर दहा मीटर एअर रायफल करते. कोल्हापुरात हे आता नवल राहिलेलं नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं आणि २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे तर याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्या दिवशी सगळ्या पंचक्रोशीत बंदूक हा शब्द पेढ्यांबरोबर बोलला गेला असेल.

आबांनी बंदूक आतनं आणली. पुतण्यानं कौतुकानं हातात घेतली, खांद्याला लावून बघितली आणि मला दाखवायला म्हणून आडवी फिरवली. तशी नळी आबांच्या पोटावरनं, माझ्या छातीवरनं, चहा घेऊन आलेल्या मामीच्या डोक्यावरनं गेली.

"दादा, नळी फिरव!" पोरगी अशी ओरडली की मामीच्या हातातला ट्रे हिंदकळला.

"अगं, रिकामी आहे."

"तू बघितलीस?"

त्यानं बघितली नव्हती. तिनं उठून त्याच्या हातातनं घेतली, तोंड भिंतीकडं केलं, घोडा पडलेला आहे ना बघितलं, ठिणगी पाडणारी टोपी बसवलेली नाही ना बघितलं, गज आत सोडून तळाला टेकतोय याची खात्री केली आणि मग भिंतीलाच टेकवून ठेवली. रेंजवर म्हणे रायफल खाली ठेवताना नळीत भडक रंगाची दोरी घालायची असते, आरपार. रिकामी आहे हे दहा पावलांवरनं कुणालाही दिसलं पाहिजे. आणि त्यांचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. टेक्सासवाला कान देऊन ऐकत होता. त्याला दुकानदारानं यातलं काही सांगितलं नव्हतं.

मग विषय वारसावर गेला. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा त्याच्याकडं बंदूक पंचवीस वर्षं राहिली, की वारसाच्या नावानं अर्ज करता येतो, अशी २०१६ च्या नियमांत सोय आहे. आबा दोन्ही अटींत कधीच बसलेत. मुलगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत. त्याला ठाण्याच्या फेऱ्या नकोत. थोरल्या नातवाचं म्हणणं, डुकरांना आता विजेच्या कुंपणाचं झटका मशीन बसवलंय, गव्यांना बंदुकीच्या आवाजाचं काही वाटत नाही, तेव्हा ही सरकारजमा करून टाका. आबांनी आशेनं धाकटीकडं बघितलं. तिला परवान्याला एकवीस पूर्ण लागतात, पण तेवढं थांबायची त्यांची तयारी दिसली.

"मला नको आबा," ती म्हणाली. "हिच्यावर नेम कुठं लागतोय?"

आबांना ते झोंबलं. "नेम न्हाई म्हणतीस? न्हाई का लागंना. चाळीस वरसं भात राखलंय हिनं."

"पण कधी काय टिपलंय का हिनं?"

आबा जरा थांबले. मामी आतनं हसायला लागल्या होत्या.

"एकदा," आबा म्हणाले. "आमच्याच गोठ्याचं कौल."